तीनशे बाराची नवरी

आमचं हॉटेल एका बटणवाल्याने बांधलं. रोज दुपारी तीन वाजता लॉबीत उभी राहून मी हे वाक्य म्हणते आणि रोज कुणीतरी फिस्सकन हसतं. हसू देत. त्या माणसाने शिंपल्याची बटणं विकून चार मजली इमारत उभी केली, एकशे अठरा खोल्यांची, आणि आपला धंदा लपवला नाही. छताकडे बघा म्हटलं की पाहुणे माना वर करतात आणि थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात येतं की प्लास्टरमधली ती गोल फुलं म्हणजे चार भोकांची बटणं आहेत. जिन्याच्या कठड्यावर बटणं, लिफ्टच्या पितळी जाळीवर बटणं. नाचाच्या दालनात लाकडी जमिनीत शिंपल्याचे तुकडे बसवून केलेलं एक बटण तर एवढं मोठं आहे की त्यावर एका वेळी बारा जोडपी नाचायची.

मला इथे सगळे इतिहासबाई म्हणतात. पर्यटकांना तासभर फिरवून इमारतीची माहिती सांगायची, हे माझं काम. वय पन्नास, आवाज खणखणीत, राग नाकाच्या शेंड्यावर. कुणी खांबावरून हात फिरवत "संगमरवर खरा आहे का हो?" असं विचारलं की मी म्हणते, "छे, साबणाचा आहे. भिजला की विरघळतो."

मुख्य जिना दोन घोळदार झगे एकमेकांना न घासता जातील इतका रुंद. त्याच्या पाठीमागे, भिंतीच्या पोटात, आणखी एक जिना आहे. लोखंडी, अंधारा, खांदे तिरके करूनच चढता येतो. तो नोकरांचा. चादरी बदलणारी, बादल्या उचलणारी माणसं पाहुण्यांच्या दृष्टीस पडता कामा नयेत, अशी बटणवाल्याची सक्त ताकीद होती. खोल्या आपोआप आवरल्या जातात असं वाटलं पाहिजे. हे ऐकून पर्यटक म्हणतात, "वा, काय डोकं!" माझी आई त्या जिन्याने बावीस वर्षं चढली-उतरली, त्यामुळे मला काही वा म्हणवत नाही.

आई तिसऱ्या मजल्यावर पलंग लावायची. तीनशे बारा नंबरच्या खोलीत, भर दुपारी, पलंग लावतानाच ती गेली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

त्यानंतर सहा महिन्यांनी ती पहिल्यांदा दिसली. मी मजल्यावरचं काम सोडून खाली लॉबीत फुलदाण्या भरायला लागले होते. एक बाई लिफ्टमधून बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक. म्हणाल्या, माझ्या खोलीत पलंगाशी कुणीतरी उभी आहे, दोन्ही हात पुढे केलेत, हातात पांढरं लांब कापड आहे, हलत नाही, बोलत नाही, नुसती वाट बघतेय. लॉबीतले सगळे ऐकत होते. त्या बाईंनी खोलीचा नंबर सांगितला: तीनशे बारा.

आणि मी थाप मारली. म्हटलं, "घाबरू नका बाईसाहेब, ती नवरी आहे. फार जुनी गोष्ट आहे. लग्नाच्या दिवशी नवरदेव आलाच नाही, ती ओढणी हातात घेऊन उभी राहिली, ती अजून उभी आहे." कुठून सुचलं देव जाणे. आईला आई म्हणायची माझी हिंमत झाली नाही, एवढं खरं.

थापेला पाय फुटले. लोक मुद्दाम तिसरा मजला मागायला लागले. फुलदाण्यांवरून माझी बढती झाली ती याच गोष्टीमुळे. गेली एकतीस वर्षं मी ती सांगतेय, दरवर्षी तिला एखादी झालर लावतेय. त्या काळात दहा-बारा जणांना ती दिसली असेल, नेहमी दुपारी, पलंग लावायच्या वेळेला. मला कधी दिसली नाही. दिसणार कशी? आई गेल्यापासून मी त्या खोलीत पाऊलच ठेवलं नव्हतं. पर्यटकांना मी कॉरिडॉरच्या वळणापर्यंत नेते, लांबून दार दाखवते आणि गालिचा नाजूक आहे म्हणून परत फिरवते.

गेल्या आठवड्यात मॅनेजरने मला बोलावलं. पोरगेलासा आहे, हुशार आहे, बोलतो गोड. म्हणाला, "ताई, हॉटेलच्या एकशे विसाव्या वर्षाची तुमच्यासाठी खास भेट. तीनशे बाराचा आपण 'नवरीचा महाल' करतोय. गुलाबी भिंती, गोल पलंग, छताला आरसा. आणि भिंतीवर सोनेरी अक्षरांत तुमची गोष्ट!"

"आणि जुना पलंग?"

"तो सोमवारी जातोय. एका संग्राहकाने घेतलाय. खूश ना?"

मी हो म्हटलं असावं. बाहेर आले तेव्हा चष्मा त्याच्या टेबलावरच राहिला होता.

संध्याकाळी कॅंटीनमध्ये अक्का समोर येऊन बसली. अक्का तिसऱ्या मजल्यावरची सगळ्यात जुनी बाई, आईच्या बरोबरीची. आता तिच्याकडून काम होत नाही, पण तिला घरी जा म्हणायची कुणाची छाती नाही. चहात बिस्किट बुडवत तिने विचारलं, "सोमवारी पलंग गेला की ती उभी कुठे राहणार गं?"

"कोण?"

"माझ्यासमोर नाटकं नकोत. त्या बाहेरच्यांना सांग तुझी नवरी नि बिवरी."

अक्काचं बिस्किट चहात पडलं, ते ती चमच्याने शोधत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी दोनदा गेले होते. म्हटलं, बाई किती वर्षं अशी ताटकळणार, आपणच दुसरं टोक धरावं. तर घेऊ देईना. माझ्याकडे बघितलं आणि हात मागे ओढले. तिला तिची उजवी पाहिजे."

इथे आमच्या कामाची रीत सांगायला हवी. जुने पलंग भले मोठे, गाद्या इतक्या जड की एकटीला कोपरा उचलवत नाही. म्हणून पलंग नेहमी जोडीने लावायचा. एक डावीकडे, एक उजवीकडे. चादर दोघींनी धरून हवेत उडवायची, ती खाली बसेपर्यंत थांबायचं, मग आपापला कोपरा तिरका दुमडून गादीखाली खोचायचा. डावी मोठी, तिचा शब्द शेवटचा. उजवीचा कोपरा पसंत पडला नाही तर डावी तोंडाने काही बोलत नाही, नुसता ओढून काढते. उजवीने मुकाट्याने परत घालायचा. आई डावी होती आणि तिचं नाव फूटपट्टी पडलं होतं, यावरून काय ते समजा.

तिची उजवी मी होते.

कामाला लागून जेमतेम महिना झाला होता. त्या दिवशी तीनशे बारामध्ये काम बघायला दोन नव्या मुली उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर आईने माझा कोपरा काढला. मी परत घातला. परत काढला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा त्यातली एक खुदकन हसली आणि माझं डोकं फिरलं. "तुझं तू कर!" म्हणून मी चादरीचं टोक जमिनीवर टाकलं, त्या मुलींना बरोबर घेतलं आणि कॅंटीनमध्ये जाऊन चहा प्यायले. आईची हुबेहूब नक्कल करून दाखवली. खूप हसलो आम्ही.

आईने गादी एकटीने उचलली. तासाभराने तिला कुणीतरी पाहिलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच कमजोर होतं, कधीही झालं असतं. डॉक्टर म्हणोत. मला विचाराल तर तिला मी मारलं.

शनिवारी माझ्या तीनच्या फेरीला नऊ जण होते. एक निवृत्त हेडमास्तर होते, प्रत्येक गोष्ट वहीत टिपून घेणारे. बटणवाला झाला, जिना झाला, नाचाचं दालन झालं. कॉरिडॉरच्या वळणावर मी नवरीची गोष्ट सुरू केली आणि अर्ध्यावर थांबले. हेडमास्तरांनी वहीतून डोकं वर काढलं. "आत जाऊन बघता येतं का?"

एकतीस वर्षं या प्रश्नाला माझं नाजूक गालिच्याचं उत्तर ठरलेलं होतं. मी म्हटलं, "येतं."

खोली सोमवारसाठी रिकामी केली होती. पडदे काढलेले, भिंतीवरच्या निळ्या कागदावर तसबिरींच्या जागी गडद चौकोन, मध्ये तो काळा पलंग आणि त्यावर उघडी गादी. उन्हात धूळ तरंगत होती. पलंगाच्या डावीकडे आई उभी होती.

राखाडी पोशाख, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. माझ्यापेक्षा लहान दिसत होती. होतीच लहान, माझ्याहून सात वर्षांनी. दोन्ही हात पुढे, मुठींत चादरीचे दोन कोपरे. चादर गादीवरून आडवी गेली होती आणि तिचं दुसरं टोक उजव्या बाजूला जमिनीवर पडलेलं होतं. मी टाकलं होतं तसंच, चुरगळलेलं.

माझ्या मागे कुणीतरी श्वास ओढला. "नवरी!"

"नवरी कसली डोंबलाची," मी म्हटलं. माझा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. "माझी आई आहे. पलंग लावतेय. मी तिला एकटीला टाकून गेले होते."

मी उजवीकडे गेले, वाकले, टोक उचललं. नुकत्याच दोरीवर टाकलेल्या कपड्यासारखं ते गार आणि दमट लागलं. आईने हात मागे घेतले नाहीत. दोघींनी एकदम वर केले. चादर फुगली, क्षणभर आमच्यामध्ये पांढरी भिंत झाली, मग हळूहळू खाली बसली. तिने तिचा कोपरा खोचला. मी माझा.

ती वाकली आणि माझा कोपरा ओढून काढला.

मला रडू फुटलं, आणि खोटं कशाला सांगू, हसूही आलं. मी परत घातला. तिने परत काढला. दारातले लोक एकेक करून निघून गेले, त्यांच्या पावलांचे आवाज मी ऐकले. हेडमास्तर तेवढे राहिले, वही मिटून.

तिसऱ्या वेळी दुमडतानाच मला कळलं की हा जमतोय. घडी हातात बरोबर बसली होती. आणि त्याच क्षणी हेही कळलं की हा जमला की काम संपलं. मी घडी बोटांनी विसकटली आणि कसाबसा कोंबला. तिने काढला. चौथ्यांदाही मी मुद्दाम वाकडा घातला. पाचव्यांदाही. मला तिच्यासमोर आणखी थोडं उभं राहायचं होतं, एवढंच. सोमवारपर्यंत उभी राहिले असते.

सहाव्यांदाही वाकडाच घातला, पण या वेळी तिने हात लावला नाही. मान वर करून माझ्याकडे बघितलं. लहानपणी सकाळी शाळा बुडवण्यासाठी मी पोटात दुखतंय म्हणायचे, तेव्हा ती अशीच बघायची. रागाने नाही. तुझं चाललंय काय ते मला कळतंय, इतकंच त्या नजरेत असायचं.

"आई, मी चुकले गं," मी म्हटलं. "थोडं थांब ना. एवढ्यात नको."

ती थांबली. गादीवर तळवे टेकवून थांबली. आणि मग मला दिसलं की ती खरंच थांबेल. मी म्हणेन तितका वेळ थांबेल, पलंग गेल्यावरही, त्या गुलाबी भिंतींमध्ये, आरशाखाली हसणाऱ्या जोडप्यांमध्ये हात पुढे करून उभी राहील, कारण लेक म्हणाली थांब. एकतीस वर्षं तिने दुसरं काय केलं होतं?

मी गुडघे टेकले. वाकडा कोपरा स्वतःच ओढून काढला. चादर ताणली, तिरकी दुमडली, कड बोटाने दाबली आणि गादीखाली खोचली. तिने वाकून कोपऱ्यावरून हात फिरवला. ओढला नाही.

कपाटाशेजारी भिंतीत नोकरांच्या जिन्याचं दार आहे, कागदाखाली लपलेलं. आई तिकडे गेली. पलंग झाला की डावी पुढे होते, दार पायाने अडवून धरते आणि उजवी मागून येते. तिने दार अडवून धरलं. मी डोळे पुसले आणि निघाले. खरंच निघाले होते, दोन पावलं टाकलीही होती. तिने माझ्याकडे पाहिलं, नको अशी मान हलवली, एकटीच आत गेली आणि दार सोडून दिलं.