तळणाच्या तेलाचा साबण

तळणाचं उरलेलं तेल मोरीत ओतायचं नाही, त्याचा घरीच साबण करायचा, हे सुनेने एकदा मनावर घेतलं आणि घरात कुणाचं काही चालेना. हातमोजे चढवून, कॉस्टिक सोडा वजनावर मोजून, दुधाच्या रिकाम्या खोक्यांत ओतून तिने वड्या पाडल्या आणि महिनाभर कपाटावर सुकवल्या. वड्या घरच्यांना. स्वतः ती कापताना पडलेल्या तुकड्यांवर भागवायची.

पहिल्याच दिवशी नवरा म्हणाला, "वा! बाजारातला साबण झक मारतो याच्यापुढे." मुलगी म्हणाली, "आई, भारीच झालाय." सासूबाई मात्र आंघोळ करून आल्या की रोज साबणाच्या नावाने खडे फोडायच्या. "तळणाचा वास येतो गं. आणि फेस? औषधालासुद्धा नाही!"

यांना सुख टोचतं, असं सून स्वतःशी म्हणायची. तरी मन खट्टू व्हायचंच. पुन्हा साबण करायचा की सोडून द्यायचं, हे काही तिचं ठरेना.

अशात सासूबाई आठ दिवस लेकीकडे गेल्या. तिसऱ्या दिवशी बाथरूम घासताना सुनेला वडी कोरडी ठणठणीत दिसली. तिने वडीवर नखाने एक रेघ ओढली. आठव्या दिवशी रेघ जशीच्या तशी! मग तिने शोधलंच. नवऱ्याच्या दाढीच्या डब्यात बाजारातला गुलाबी साबण निघाला, आणि मुलीचा शाम्पूच्या बाटलीमागे, वेष्टनासकट. तिला वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला. दोन्ही साबण तिने होते तिथे ठेवून दिले.

सासूबाई परतल्या त्या थेट आंघोळीला गेल्या. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वडीवर रेघ कसली ओढलीस? गेली बघ पुसून. वास मात्र अजून तसाच आहे हो."

"मग वापरता कशाला?"

"अगं, घरात केलेला साबण वापरायचा नाही तर काय शोकेसमध्ये ठेवायचा? पुढच्या वेळी तेल नीट गाळून घे."

सुनेने तेल दोनदा गाळून घेतलं आणि पुन्हा साबण करायला घेतला. नवरा डोकावला. "हे काय, या वेळी एकच खोकं?"

"हो," ती ढवळता ढवळता म्हणाली. "आम्हा दोघींना पुरतं."