वायरीचं दुसरं टोक

मिस्त्रींच्या घराच्या पायरीपासून फाटकापर्यंत बावीस पावलं. मधे दीड हात रुंदीची सिमेंटची वाट, दोन्ही बाजूंना माती, आणि उजव्या हाताला एक दांडगं झाड. बायको होती तोवर ही वाट रोज सकाळी झाडली जायची, आणि मिस्त्री काठीसुद्धा न घेता फाटकापर्यंत जाऊन दुधाची पिशवी घेऊन यायचे. तळपायाला सिमेंट लागलं की बरोबर, माती लागली की चुकलं, एवढा सोपा हिशोब.

बायकोला जाऊन सात महिने झाले. मग झाडाने पानं टाकायला सुरुवात केली. डोळस माणसाला पानं पडलेली दिसतात. मिस्त्रींची वाटच गेली. सिमेंटवर पानं, मातीवर पानं, काठी टेकवावी तर पानांवरून सटकते. झाडू मारून पाहिला. पण कुठे झाडलं आणि कुठे राहिलं ते कळेना, एकाच जागी चार वेळा झाडून उजवा खांदा धरला. एक माळी लावला, तर त्याने कुंड्या हलवून नीटनेटक्या मांडल्या आणि मिस्त्रींनी दोन दिवस त्या नीटनेटक्या कुंड्यांना नडग्या आपटल्या.

आठ दिवस ते घरातच होते. नवव्या दिवशी दुधासाठी निघाले आणि ओल्या पानांवरून घसरले. गुडघा फुटला. शेजारणीने लेकीला फोन केला. लेक आली ती दारातूनच बोलत आली.

"पुरे झालं बाबा. घर विकू. माझ्याकडे चला."

"तुझ्याकडे पानं पडत नाहीत वाटतं?"

"पाचव्या मजल्यावर नाही पडत."

मिस्त्री त्या पाचव्या मजल्यावर एकदा चार दिवस राहिले होते. लिफ्टची बटणं काचेसारखी गुळगुळीत, बोटाला एकही आकडा लागत नाही. सकाळी लेक आणि जावई कामाला गेले की संध्याकाळपर्यंत एक खोली, एक खिडकी आणि खालून येणारा गाड्यांचा आवाज. लेक मायाळू होती, खोटं का बोला. पण मायेच्या खोलीलाही चारच भिंती असतात.

"पुढच्या रविवारी चार वाजता ये," मिस्त्री म्हणाले. "अंगण साफ करून फाटक मी स्वतः उघडलं, तर वर्षभर हा विषय काढायचा नाही. नाही जमलं तर बॅग भरतो."

"कशाने साफ करणार?"

"वारा मारून."

दुकानात पानं उडवायचे ब्लोअर तीन प्रकारचे होते. विकणारा लेकीशीच बोलायला लागला. "यांना वजन कितपत झेपेल?"

"यांनाच विचारा," मिस्त्री म्हणाले. "डोळे गेलेत, बाकी सगळं सामान जागेवर आहे."

पेट्रोलवाला त्यांनी एकदाच चालू करून ऐकला आणि हात वर केला. त्याच्यापुढे माणूस आंधळा आणि बहिरा दोन्ही होतो. बॅटरीवाला हलका होता, आवाजही कमी. पण बॅटरी किती उरली ते चार दिवे सांगायचे. तिसरा वायरीचा. सरकत्या बटणाला पाच टप्पे, प्रत्येक टप्प्याला टक असा आवाज. मिस्त्रींनी ब्लोअरच्या तोंडापुढे तळहात धरला, टप्पा टप्पा वाढवला, मोटारीच्या बुडाशी कान नेला. चाळीस वर्षं मोटारी रिवाइंड केलेल्या माणसाला मोटारीचं दुखणं डॉक्टरआधी कळतं. "वाइंडिंग चांगलं आहे. हाच."

"वायर पायात येईल काका," विकणारा म्हणाला. "हल्ली वायरीचा कुणी घेत नाही."

"येऊ दे पायात. ती घराकडे जाते."

त्याने कानाला लावायच्या टोप्याही फुकट देऊ केल्या. मिस्त्रींनी त्या परत केल्या. "कान झाकले म्हणजे मी दोनदा आंधळा."

रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी लांब वायर ब्लोअरच्या वायरीला जोडली आणि जोडावर गाठ मारली, म्हणजे ओढ बसली तरी सुटणार नाही. दुसरं टोक खिडकीच्या गजांमधून आत सोडलं, जोत्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "लाव."

आतून कुणी बोललं नाही. बोलणार कोण?

बत्तिसाव्या वर्षी नजर गेल्यापासूनची ही रीत होती. वाइंडिंग बोटांनी होतं, त्याला डोळे लागत नाहीत. पण मोटार तपासताना उघड्या तारांना हात लागतो. म्हणून मिस्त्री बाहेर बसून "लाव" म्हणायचे, बायको आत प्लग लावायची, "लावला" म्हणायची, आणि प्लगवर हात ठेवून उभी राहायची. मिस्त्रींनी "काढ" म्हटलं की क्षणात काढायची. तेहेतीस वर्षांत त्यांना एकदाही झटका बसला नव्हता.

ते आत गेले, चाचपडत प्लग लावला, आणि बाहेर आले.

सुरुवात झकास झाली. पायरीकडे पाठ करून उभं राहायचं, ब्लोअरचं तोंड फाटकाकडे, हात डावीकडून उजवीकडे. पानं पुढे पळायची, पायाखाली सिमेंट उघडं पडायचं. वाट परत येत होती. मिस्त्रींना इतकं बरं वाटलं की त्यांनी चौथ्या टप्प्यावरून पाचवा लावला. वाट झाली, मग डावीकडची माती, मग उजवीकडची. झाडाच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचले तेव्हा वायर ताणली. कुंडीला अडकली असेल म्हणून त्यांनी जरा हिसका दिला.

मोटार थांबली.

शांतता व्हायला हवी होती, पण झाली नाही. कानात सूंऽऽ असा आवाज भरून राहिला. शेजारणीचा रेडिओ नाही, रस्ता नाही. मिस्त्रींनी टाळी वाजवून पाहिली. एरवी भिंतीवरून टाळी परत येते, आज गेली ती गेलीच.

हरकत नाही, वायर आहे. त्यांनी ब्लोअर खाली ठेवला, जोडाची गाठ सोडली, लांब वायर हातात घेतली आणि निघाले. पण चाळीस वर्षं वायर गुंडाळलेले ते हात. मालकाला न विचारता त्यांनी आपलं काम सुरू केलं. कोपर, अंगठा, कोपर, अंगठा. पाच वेढे, दहा वेढे, वायर अगदी हलकी येत होती. आणि मग हातात प्लग आला.

मिस्त्री थिजले. घराकडे जाणारी एकुलती एक वाट त्यांनी स्वतःच्या कोपराला गुंडाळून घेतली होती.

फोन खिडकीत, काठी पायरीपाशी. ते सरळ चालले म्हणून समजले आणि झाडाला कपाळ आपटलं. झाडाला हात लावून वळले, पुन्हा चालले, तर पुन्हा झाडच. अंगण ते केवढं, पण कुठेही पाय टाकला तरी चपलेखाली सारखीच उघडी जमीन. आधी पानांनी वाट झाकली होती, आता साफ करून त्यांनी बाकीच्या खुणाही पुसल्या होत्या. हाक मारली असती तर शेजारीण धावत आली असती. पण मग चार वाजता लेकीला फाटक कुणी उघडलं, याचं उत्तर शेजारणीने दिलं असतं. मिस्त्रींनी तोंड मिटून घेतलं. घाम आला, मग तो गार झाला. आठ दिवस घरात कोंडून काढले होते, आता अंगणात कोंडले गेले होते. पाचव्या मजल्यावर निदान भिंत तरी हाताला लागते.

बऱ्याच वेळाने त्यांच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. पानं कुठे गेली? वारा त्यांनी सगळा वेळ फाटकाच्या दिशेने मारला होता. म्हणजे जिथे पानं, तिथे फाटक.

त्यांनी चपला काढल्या. माती, माती, गार माती. मग एक पान. चार पानं. चुकून मागे आले, पुन्हा माती, पुन्हा वळले. घोट्यापर्यंत पानं, नडगीपर्यंत, आणि गुडघा धाडकन लोखंडावर. दुखऱ्याच गुडघ्यावर. मिस्त्री लोखंडाला धरून हसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तेवढ्यात फाटक पलीकडून हललं. कानात अजून सूं होतं, पण लेकीचा आवाज त्यातूनही आला. "बाबा! कुठे आहात?"

"इथेच. तुझ्या नाकासमोर."

"मग उघडा की!"

कडी निघाली, पण फाटक आत उघडत होतं आणि आतल्या बाजूला अख्ख्या अंगणाची ओली पानं दाबून बसली होती. मिस्त्रींनी स्वतःलाच आत लिंपून घेतलं होतं.

"मी ढकलते."

"हात लावू नकोस! उघडायचं मी ठरलंय."

ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी पानं मागे ओढायला लागले. लेक पलीकडे गप्प उभी होती. तिला गप्प उभं राहणं कठीण जात असणार, कारण दोनदा तिने नाक ओढलं. शेवटी फाटक हातभर उघडलं. ती आडवी होऊन आत आली आणि तिने पाहिलं: बापाच्या कपाळाला टेंगूळ, पायात चपला नाहीत, खांद्यावर वायरीचं वेटोळं.

"हे काय करून घेतलंत?"

"फाटक उघडलं."

तिने मान वर करून पाहिलं. मग म्हणाली, "झाडावर अजून अर्धी पानं आहेत, बाबा."

"माहितीये. म्हणून तर मशीन घेतलं." त्यांनी प्लग चाचपून धरला. "आत जा आणि प्लग लाव. फाटकातला ढीग बाजूला करू. लावलास की 'लावला' म्हण, आणि तिथेच हात ठेवून उभी राहा."

"आईसारखी?"

"हो."

"आई उभी राहायची तेव्हा दूध उतू जायचं," लेक म्हणाली. "दारात माणूस आला तरी हलायची नाही. मी शाळेतून आल्यावर तिला हाका मारायचे, तर ती मानेनेच नको म्हणायची. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मिस्त्रींना माहीत नव्हतं. त्यांना 'लावला' एवढंच ऐकू यायचं. पुढचा अर्धा-अर्धा तास ती भिंतीशी खिळून असायची, हे त्यांनी तेहेतीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला माणूस नव्हतं.

लेक त्यांना दंडाला धरून पायरीपर्यंत घेऊन आली. त्यांनी धरू दिलं.

"लावू?"

"नको. तू बस. स्वयंपाकघरातली सुतळी दे."

प्लग त्यांनी स्वतः लावला. मग गजाला वायरीचे दोन वेढे दिले आणि सुतळीने घट्ट आवळले. बाहेर येऊन वायर ओढून पाहिली. एकदा हलकी, एकदा जोरात. गज हलला असता, पण वायर हलली नसती. मग ती हातातून सरकवत, न गुंडाळता, ते ब्लोअर शोधायला निघाले.

"लाव," ते सवयीने म्हणाले.

लेक आत प्लगपाशी जायला उठते आहे असं वाटलं, म्हणून त्यांनीच घाईने उत्तर दिलं, "लावला."