सॅम्पल फ्लॅटमधली वहिनी

“आज किचनचं भांडण करू. हॉलचं फार झालंय,” धम्मपाल म्हणाला आणि त्यानं चहात बिस्किट बुडवलं.

“किचनच्या भांडणात मला रडायला लागतं. हॉलच्या भांडणात तुम्ही रुसता. आज तुम्हीच रुसा की,” मंजुषा म्हणाली.

“मला रुसल्यावर काय करायचं ते सुचत नाही. तुमचं रडणं मस्त होतं.”

करंजाड्यातल्या त्या अर्धवट टॉवरसमोरच्या टपरीवर बसून दोघं आपला संसार ठरवत होती. संसार फक्त शनिवार-रविवारचा. बिल्डरकडे खरं गिऱ्हाईक आलं की या दोघांनीही गिऱ्हाईक व्हायचं. नवरा-बायको म्हणून फ्लॅट बघायचा, जरा भांडायचं, मग खूश व्हायचं. आणि खरं गिऱ्हाईक डळमळतंय असं दिसलं, की मंजुषानं जरा मोठ्यानं म्हणायचं, “अहो, हा हातचा जाईल हं!” एवढं ऐकलं की माणसं चेकबुक काढत.

धम्मपाल एरवी महाप्याला एका कंपनीत स्टोअरकीपर. तरुणपणी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं होतं आणि ते त्याच्या अंगातून अजून उतरलं नव्हतं. मंजुषाचं तसं नव्हतं. ती खरीखुरी नटी. एका सिरियलमध्ये तिनं मालतीवहिनी केली होती. सोशिक, सगळ्यांच्या ताटात आधी वाढणारी. मग चॅनलला नवा चेहरा हवा झाला आणि मालतीवहिनी जिन्यावरून पडून वारली. त्यानंतर मंजुषाला नर्सची कामं आली, “पेशंट शुद्धीवर आलाय” एवढं म्हणायची. पुढे पुढे पेशंटही शुद्धीवर यायचे थांबले. ऑडिशनला गेलं की समोरची मुलं विचारत, “काकू, इन्स्टावर फॉलोअर्स किती?” खारघरच्या तिच्या खोलीचं भाडं आता या संसारावर निघत होतं.

पण ती इथं टिकून होती ती भाड्यासाठी नाही. सेल्समधल्या निशांतनं सांगितलं होतं, “मॅडम, आपल्या दिवाळीच्या ॲड फिल्ममध्ये आई तुम्हीच. शुक्रवारी शूट.” खरा कॅमेरा! तिनं अबोली रंगाची साडी इस्त्री करून आणून कपाटाच्या दाराला टांगून ठेवली होती. येता-जाता तिच्याकडे बघायची, एखाद्या पाहुणीकडे बघावं तशी.

निशांतनं गेटमधून हात केला. गिऱ्हाईक आलं होतं. मंजुषानं पर्समधलं मंगळसूत्र काढून गळ्यात घातलं आणि धम्मपालनं तोंड पुसून नवऱ्याचा चेहरा केला.

सॅम्पल फ्लॅटच्या दारात बुटांवर चढवायला निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या असत. आज तिथं एक जोडी कोल्हापुरी चपला कडेला नीट लावून ठेवलेल्या होत्या. माणूस अनवाणी आत गेला होता, देवळात जावं तसा. हौसेराव त्याचं नाव. वाशीच्या मार्केटात हयातभर कांद्याच्या गोणी वाहिलेला, दाराला डोकं लागेल एवढा उंच, पांढऱ्या टोपीचा. बरोबर त्याची बायको राहीबाई. तिच्या हातातल्या पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आली होती. घर पसंत पडलं तर तिथंच ठेवायला आणला असणार. मंजुषाला सिरियलमधला नारळ आठवला. मालतीवहिनीची ओटी सतत भरली जायची, नारळ मात्र एकच. सीन झाला की परत टोपलीत. आतून पार वाळलेला, खडखड वाजणारा.

हा फ्लॅटसुद्धा तिला पहिल्या दिवशीच ओळखीचा वाटला होता. टीव्ही म्हणजे चकचकीत पुठ्ठा. कपाटातली पुस्तकं एकमेकांना चिकटवलेली. सफरचंदं प्लास्टिकची. खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मुद्दाम आखूड केलेला. असल्या घरांतच तर तिचा जन्म गेला होता.

राहीबाईनं ओट्याजवळ जाऊन नळ फिरवला.

“पानी कुटाय?”

“पाणी पझेशनच्या टायमाला, आंटी,” निशांत म्हणाला. “हे फक्त सॅम्पल आहे.”

“आमी पनवेलला बी एक बघितलाय,” हौसेराव म्हणाला. “पुतन्याला इचारून सांगतो.”

डळमळलं. निशांतनं भुवई उडवली आणि मंजुषानं किचनचं भांडण सुरू केलं. ओटा लहान आहे, तुम्हाला माझं कधी कळलंच नाही, जन्मभर भाड्याच्या ओट्यावर उभी राहिले, इथपर्यंत ती आली आणि तिचा आवाज हुकमी फाटला. राहीबाई तोंडावर पदर धरून एकटक बघत होती. एकदम ती पुढं सरसावली.

“अगं बया! मालतीवयनी!”

मंजुषाच्या गळ्यातलं रडणं तिथंच थांबलं. कितीतरी वर्षांत हे नाव कुणी घेतलं नव्हतं. भाजी घेताना, रिक्षात बसताना ती अर्धा चेहरा ओळखला जाण्यासाठी तयार ठेवायची. अलीकडे तोही ठेवत नव्हती.

“तुमी जिन्यावरनं पडून मेल्या, त्या राती मी गॅस पेटिवला न्हाई. ह्यास्नी इचारा!”

“उपाशी झोपलो मी,” हौसेराव गंभीरपणे म्हणाला. “गोनी उचलून आल्यालो.”

मंजुषाला हसूही आलं आणि भरूनही आलं. राहीबाईनं तिचे दोन्ही हात धरले होते, सोडायला तयार नव्हती. निशांतला ही संधी सुटणं शक्यच नव्हतं.

“मॅडम ह्याच फ्लोअरला घेतायत, आंटी. तुमच्या अगदी शेजारी!”

“खरं म्हनता?” राहीबाईचा चेहरा उजळला. “मग आता पनवेल नको नि पुतन्या बी नको. काढा वो चेक.”

हौसेरावानं सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. मंजुषानं पटकन हात पुढं केला. तिनं आजवर बऱ्याच जणांना चेक काढायला लावले होते. पण ते फ्लॅट घेत होते. ही बाई तिला घेत होती.

“थांबा, भाऊ,” ती म्हणाली. “आधी पलंगावर झोपून बघा.”

“मॅडम, ते अलाउड नाहीये,” निशांत घाईनं म्हणाला.

तोवर हौसेराव टोपी सांभाळत आडवा झाला होता. त्याचे पाय पोटऱ्यांपासून पलंगाबाहेर आले आणि भिंतीला टेकले. मांजराच्या टोपलीत बैल बसवावा तसं ते दिसत होतं. राहीबाई हसून हसून खाली बसली.

“बघा,” मंजुषा आशेनं म्हणाली, “पलंगच मावत नाही. खोली लहान आहे.”

“आवो, पलंग आमचा आमी आनू,” राहीबाई डोळे पुसत म्हणाली. “शेजार कुटनं आनू? तुर्भ्याच्या चाळीतल्या माज्या बाया एकेक करून गावाला गेल्या. भाजीची वाटी द्याया दार राहिलं न्हाई. तुमी हाईसा म्हनल्यावर मला बाकी काय बघायचं न्हाई.”

दोघंही उठली आणि हौसेरावानं पुन्हा खिशात हात घातला. निशांत मंजुषाजवळ आला आणि हळूच पुटपुटला, “मॅडम, डायलॉग. शुक्रवार लक्षात आहे ना?”

तिच्या डोळ्यांसमोर खोलीतल्या कपाटाच्या दारावरची साडी आली. तिनं पदर सारखा केला. “अहो, हा हातचा…” एवढं म्हणून ती थांबली. धम्मपालनं चमकून तिच्याकडे पाहिलं. ती वाक्य विसरणाऱ्यातली नव्हती.

“राहीबाई, मी इथं घर घेत नाहीये. हे माझे मिस्टर नाहीत. गिऱ्हाईक आलं की गिऱ्हाईक व्हायचं, ह्याचे मला पैसे मिळतात.”



“मॅडम जोक करतायत. सर, सांगा ना तुम्ही!” निशांत कसनुसं हसला.

धम्मपालनं खिशातून रुमाल काढून पुन्हा खिशात ठेवला. “जोक नाही. माझी बायको कळंबोलीला असते. शनिवारी मी दुसरीकडे नवरा असतो, हे तिला ठाऊक आहे.”

हौसेरावानं खिशातला हात मोकळाच बाहेर काढला. राहीबाई त्या आखूड पलंगाच्या काठावर टेकली.

“म्हंजी मगाचं भांडान?”

“खोटं.”

“ओट्यासाटनं रडलासा त्ये?”

“तेही.”

“मी मधी पडनार हुते,” राहीबाई म्हणाली. “ह्यास्नी चार शब्द सुनावनार हुते. म्हनलं, बाईला ओटा बी मिळंना.” तिनं मान हलवली. त्यात राग होता, आणि कौतुकही होतं. मग तिनं अगदी खालच्या आवाजात विचारलं, “काम मिळंना व्हय आता?”

मंजुषा शिव्या ऐकायची तयारी करून उभी होती. या प्रश्नाची तयारी तिनं केलेली नव्हती. तिनं नुसतंच मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं.

खाली उतरताना निशांत लिफ्टपर्यंत आला. “मॅडम, उद्यापासून नका येऊ. शुक्रवारचं पण… सॉरी. मलाही टार्गेट असतं हो.” तो रागावलेला दिसत नव्हता, नुसता दमलेला दिसत होता. तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं.

टपरीवर धम्मपालनं चार चहा सांगितले. हौसेराव आणि तो जुने मित्र असल्यासारखे पनवेलच्या फ्लॅटबद्दल बोलायला लागले. नळाला पाणी येतं का, हे धम्मपालनं आधी विचारलं. राहीबाई मंजुषाला जरा बाजूला घेऊन गेली.

“मालक कुटं असत्यात तुमचं?”

“लग्न केलंच नाही. सिरियलमध्ये मात्र चारदा झालं.”

राहीबाई खुदकन हसली. “आन् खरं नाव काय वो तुमचं?”

“मंजुषा.”

“मंजुषाताई, पदर धरा.”

“अहो, पण मी सवाष्ण नाही…”

“लेकीची बी भरत्यात. धरा म्हनते ना.”

रस्त्याच्या कडेला, सिमेंटच्या मिक्सरच्या घरघरीत, तिनं पदर पुढं केला. राहीबाईनं पिशवीतला नारळ त्यात ठेवला आणि दोन बोटांनी तिच्या हनुवटीला हात लावला. मंजुषानं क्षणभर पदर तसाच धरला आणि मग सवयीनं नारळ काढून परत देऊ केला.

“माघारी कशाला?” राहीबाई म्हणाली. “तुमचा हाय त्यो.”

राहीबाई चहाकडे वळली. मंजुषा तिथंच उभी राहिली. पायात अजून त्या निळ्या पिशव्या होत्या, हे तिच्या ध्यानातही नव्हतं. तिनं नारळ कानाशी नेला आणि हळूच हलवला.

आत पाणी होतं.