कक्ष क्रमांक ४१७

"इथे सही करा, मॅडम," साहेबांनी कागद पुढे सरकवला. "बाकी सगळं टाइप झालेलं आहे."

सत्यशीलेने कागद वाचला. चौकातल्या डिजिटल बोर्डावर सोमवारी सायंकाळपासून वाघाची सूचना सुरू होती. सूचना असूनही मयत रंभाबाई मंगळवारी पहाटे मोहफुलं वेचायला मनाई असलेल्या भागात गेली व वाघाच्या हल्ल्यात मरण पावली. सबब वन कार्यालयाचा कोणताही हलगर्जीपणा नाही. खाली सहीसाठी रेघ, आणि रेघेखाली 'बोर्ड ऑपरेटर'.

कागदात एक अक्षर खोटं नव्हतं. तिला संताप आला तो त्याचाच. अशा सफाईने मेलेल्या बाईवर खापर फोडायचं, म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याचाच प्रकार.

सोमवारी गार्डाचा फोन आला, तेव्हा तिने सरळ टाइप केलं होतं, 'जोडमोहाकडे वाघ आहे. उद्या मोह वेचायला जाऊ नका.' जोडमोह म्हणजे नाल्याच्या वरच्या अंगाला एकाच बुडातून फुटलेली मोहाची दोन झाडं. पळसटोला गावचं शेंबडं पोरही तिथे डोळे मिटून जाईल. पण साहेबांनी नाक मुरडलं. "जोडमोह? नकाशात आहे का हे? बोर्डाचा फोटो वर पाठवायचा असतो. सरकारी भाषेत टाका." मग लाल अक्षरं फिरू लागली, 'कक्ष क्रमांक ४१७ मध्ये व्याघ्र वावर. प्रवेश निषिद्ध.' जंगलाचे तुकडे पाडून कार्यालयाने त्यांना नंबर दिलेत. ते नकाशाला ठाऊक, गावाला नाहीत. सत्यशीलेला नंबरही ठाऊक होता आणि जोडमोहही. ती याच गावची. पण नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची, आणि त्यातले नऊ सरलेले. ती तोंड शिवून बसली होती.

"सर, मले अर्धा घंटा द्या," ती उठली.

"अर्ध्या तासात काय बदलणार आहे?"

ती बाहेर पडली.

हापशीवर बाया पाणी भरत होत्या. एकजण दुसरीला बजावत होती, "रंभाबाईच्या मोहाकडं जाऊ नको वं, तो तिथीच हाये अजून." जोडमोहाचं जुनं नाव तीन दिवसांत पुसलं गेलं होतं. माणूस जिथे दगावला, त्या जागेला त्याचं नाव लावायची इकडे रीतच आहे.

रंभाबाईच्या अंगणात बांबूच्या ताटव्यावर मोहफुलं वाळत पडली होती. सोमवारची, तिनेच वेचलेली. तिचा नवरा बापूराव उकिडवा बसून ती उगाच हाताने वरखाली करत होता.

"बापूभाऊ, एक इचारू का? बाईनं बोर्ड पाह्यला होता का त्या दिवशी?"

"पाह्यला? वाचला न!" म्हाताऱ्याच्या आवाजात क्षणभर जुना तोरा आला. रंभाबाई पन्नाशीला प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली होती. तेव्हापासून तिने एक पाटी सोडली नाही. बसची पाटी असो की साबणाचा कागद, मोठ्याने वाचायची आणि निरक्षर नवऱ्याकडे बघून हसायची. "पानठेल्यापाशी उभी राहून वाचून दाखवलंन मले. कक्ष क्रमांक चारशे सतरा. मंग म्हणते, हे कुठी आलं हो?"

"मंग?"

"मी म्हणलो..." त्याचा हात फुलांत थांबला. "मी म्हणलो, असंन तिकडं डेपोच्या बाजूनं कुठीतरी. आपल्या जोडमोहाले नंबर कायले असंन? पहाटेले मीच टोपली काढून देल्ली तिले."

आता गप्प राहिले तर जन्मभर गप्पच राहावं लागेल, हे सत्यशीलेला कळत होतं.

"तो नंबर मीच टाकला, भाऊ. मले माहीत होतं कुठी हाये तो."

बापूरावाने मान वर केली. तिला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग सांगाचं होतं न, माय," तो एवढंच म्हणाला.

परत येऊन तिने पेन उचललं. टाइप केलेल्या मजकुराखाली, सहीच्या आधी, हाताने लिहिलं, 'रंभाबाईने ही सूचना वाचली होती. ४१७ म्हणजे जोडमोह, हे गावात कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी जोडमोह असंच लिहिलं होतं. ते मला काढायला सांगितलं आणि मी काढलं.' मग सही ठोकली आणि मोबाइलवर कागदाचा फोटो काढला.

साहेबांचा चेहरा उतरला. "वेड लागलंय का? जूनमध्ये कंत्राट संपतंय तुमचं, विसरलात?"

"नाई विसरली. ठेवा तुमच्यापाशी ते कंत्राट." तिने कागदावर बोट ठेवलं. "गुन्हा काय तिचा, सांगा न? पन्नास वर्षाची होऊन शिकली आन् वाचलं तिनं बरोबर. आपल्यालेच लिहिता नाई आलं, सर. तुमाले बी आन् मले बी."

"मी दुसरा कागद करून घेईन."

"करा. याचा फोटो हाये माह्यापाशी."

ती कॉम्प्युटरकडे वळली. कंत्राट संपायचं तेव्हा संपो, बोर्डाचा पासवर्ड आज तिच्याकडे होता आणि वाघ आजही तिथेच होता. व्याघ्र, वावर, निषिद्ध सगळं पुसून तिने एक ओळ टाकली. साहेब मागून काहीतरी बोलत होते. ते तिने ऐकलं नाही.

दिवेलागणीला ती चौकात आली. पानठेल्यापाशी माणसं बोर्डाकडे माना वर करून उभी होती. त्यांत बापूरावही होता, टोपी हातात घेऊन. अक्षरं त्याच्या तोंडावरून लाल होऊन सरकत होती.

"काय लिवलं हाये वं, माय?" त्याने विचारलं. "वाचून दाखव."

सत्यशीला त्याच्या शेजारी उभी राहिली आणि रंभाबाई वाचायची तशी, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून तिने वाचलं.

"रंभाबाईच्या मोहाकडे वाघ आहे. कोणी जाऊ नका."

कुठी आलं हे, असं कोणी विचारलं नाही. बापूरावाने टोपी डोक्यावर घातली आणि तो घराकडे चालू लागला.