गोठण्यातून वाचलेला मेदकण

मी मेदाचा एक कण बोलतोय. माझ्यासारखे हजार कण एका ओळीत उभे केले, तर जेमतेम एका केसाची जाडी भरेल. माझी जन्मकथा मला आठवत नाही. ती मी एका सोमवारी सकाळी, प्रयोगशाळेच्या बाहेरच्या खोलीत, संशोधक बाईंच्या तोंडून ऐकली. मी त्यांच्या हातातल्या कुपीत होतो आणि समोर एका आजारी मुलीचे वडील बसले होते. ते बसचालक होते. मुलीला ते भिंगरी म्हणत.

बाईंनी सांगितले ते असे. प्रत्येक पेशीभोवती मेदाचे पातळ आवरण असते आणि त्यात प्रथिनांची दारे असतात. भिंगरीच्या पेशींत मिठाची ये-जा होऊ देणारे दार तयारच होत नाही. म्हणून तिच्या छातीत कफ घट्ट होऊन साचतो. असे दार बाहेर घडवता येते, परंतु नुसत्या पाण्यात ते चुरगळून जाते. म्हणून ते माझ्यासारख्या कणात बसवून पाठवायचे. मेद मेदात मिसळतो आणि दार आवरणात जाऊन बसते.

“म्हणजे दार घरपोच म्हणा की!” वडील म्हणाले.

“घरपोच, आणि वर बसवूनही द्यायचं,” बाई हसल्या. “पण आधी तिच्या नाकातून घेतलेल्या पेशींवर. तीनदा तोच निकाल आला, तर तिला हे द्यायचं का, यावर समिती विचार करेल.”

“बाई, आमचे साहेब रजेच्या अर्जावर करत बसतात, तसला ‘विचार’ नसावा म्हणजे झालं.”

त्या खोलीत त्यानंतर मी कोणाला हसताना ऐकले नाही.

प्रयोगशाळेत एक रीत होती: वस्तू जितकी मोलाची, तितकी ती खोल थंडीत ठेवायची. प्रथिने वर्षानुवर्षे तशीच टिकतात. आम्हाला मात्र साध्या फ्रिजचा गारवाच मानवतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी फ्रिज कुरकुरू लागला. तिथले तंत्रज्ञ, ज्यांना सगळे दादा म्हणत, त्यांनी आमचा अख्खा ट्रे उचलून अतिशीत कपाटात नेला. माझी कुपी तेवढी कणांचा आकार मोजण्यासाठी शेजारच्या खोलीत राहिली होती.

सुट्टीनंतर बाईंनी ट्रे बाहेर काढला. बर्फाच्या स्फटिकांनी माझी भावंडे एकमेकांवर चेपून फोडली होती. कुप्यांत फाटलेल्या दुधासारखे काहीतरी उरले होते.

“फ्रिजचा भरवसा वाटेना,” दादा म्हणाले. “म्हटलं, पोरीचा जीव आहे यात, तर सगळ्यात जपून ठेवावं.”

“प्रथिन गोठवलेलं चालतं हो, दादा. यांना नाही चालत.”

बाईंचा आवाज चढला नाही. दादा मात्र भिंतीला टेकले.

माझ्या कुपीत पेशी वाढवायच्या एकाच ताटलीपुरते कण होते. बाईंनी ते भिंगरीच्या पेशींवर सोडले. दुसऱ्या दिवशी यंत्राने मिठाचा प्रवाह नोंदवला. क्षीण, पण स्पष्ट. समितीने कळवले, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही. समितीचे चुकले, असे मी म्हणू शकत नाही. दार घडवण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, आणि ते पुरे होण्याआधीच भिंगरी गेली. हे मी पाहिले नाही. दादांनी दारात उभे राहून सांगितले, तेव्हा ऐकले.

“मी हात लावला नसता तर वाचली असती का?” त्यांनी विचारले.

“सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या. खोटा धीर देणे त्यांना जमले नाही. दादांना तेच अधिक लागले असावे.

काही दिवसांनी वडील आले. बसले नाहीत.

“दार उघडलं होतं ना?”

“उघडलं होतं. एका ताटलीत.”

“ती ताटली टाकून दिलीत?”

बाईंनी ती उबेच्या कपाटातून आणून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वडील वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“हे हलतंय काय?”

“पेशींवरची लव आहे. कफ पुढे ढकलायला असते.”

“म्हणजे या जिवंत आहेत?”

“हो.”

“किती दिवस राहतील?”

“खायला घालत राहिलं, तर काही आठवडे.”

“मग घाला,” ते म्हणाले, आणि चष्मा न पुसताच निघून गेले.

बाई आजही नेमाने या ताटलीतले खाद्य बदलतात. या प्रयोगाला त्याची गरज उरलेली नाही. मीही आता कण उरलेलो नाही; एका पेशीच्या आवरणात मिसळून गेलो आहे. एवढे सांगून तुमचा निरोप घेतो. एक गोष्ट मात्र मला कधीच पडताळता आली नाही. आम्ही नेलेल्या दारांपैकी काही सुलट बसतात, काही उलट, आणि उलट बसलेले दार असून नसल्यासारखे असते. मी आणलेले कसे बसले, ते मला ठाऊक नाही.