सोळाशे बारा किलो

गाडीचे चारही दरवाजे अजून खोक्यात होते, म्हणजे दोन गाडीचे आणि दोन जादा म्हणून मागवलेले, तेव्हापासून तिच्या वजनावरून भावाबहिणीचं वाजत होतं.

बहीण वजन विभागात होती. विभाग म्हणजे ती एकटी, दोन टेबलं, लहानमोठे पाच काटे आणि संगणकावरची एक यादी. त्या यादीत गाडीच्या चार हजार दोनशे भागांची वजनं होती, ग्रॅमसकट. कारखान्यात सगळे तिला तराजूबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. उलट नवीन माणसाला ती स्वतःच तशी ओळख करून द्यायची. भाऊ चार वर्षांनी मोठा, बॅटरी आणि मोटर विभागाचा प्रमुख. घरी दादा आणि कारखान्यातही दादाच. नोकरीला लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिने त्याला 'सर' म्हणून पाहिलं होतं. दोघांनाही हसू आवरेना, तेव्हा तो प्रयोग तिथेच बंद पडला.

कंपनी छोटी होती, वर्षाला तीनशेच्या आसपास गाड्या करणारी, पण त्या गाड्यांसाठी लोक दोन-दोन वर्षं थांबायचे. ही नवी गाडी त्यांची पहिलीच हायब्रिड. सीटांच्या मागे आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पुढच्या दोन चाकांना एकेक विजेची मोटर, तिसरी मोटर गिअरबॉक्सला, आणि बॅटरी मधोमध, अगदी जमिनीलगत. सहा आठवड्यांनी ती जगाला दाखवायची होती. त्याआधी माहितीपत्रक छापायला जाणार होतं, आणि त्यात दोन आकडे भरायचे राहिले होते: गाडीचं वजन, आणि कंपनीच्या चाचणीच्या ट्रॅकवर एका फेरीला लागणारा वेळ.

त्यासाठी मुख्य अभियंत्यांनी बैठक बोलावली. तेच एकदा एका मुलाखतीत 'पंधराशे किलोच्या आत' असं बोलून बसले होते, त्यामुळे जरा जपूनच विचारत होते.

"पंधराशे चाळीस," दादा म्हणाला. "तेल, पाणी, पेट्रोल सगळं भरून."

"सोळाशे बारा," ती म्हणाली.

मुख्य अभियंत्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या दोघांत बहात्तर किलोंचा फरक आहे. म्हणजे एक अख्खा माणूस."

"हो ना," ती म्हणाली. "दादाच्या हिशेबात तो गाडीबाहेर उभा आहे. माझ्या हिशेबात आत बसलाय."

सगळे हसले, दादासुद्धा. पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता. "माझे आकडे पुरवठादारांच्या नकाशांवरून आलेत. सही-शिक्क्याचे. तुझे कुठून आले?"

"काट्यावरून. तुझ्या त्या केशरी जाड केबल्स नकाशात अकरा किलो आहेत. काल मी भांडारात जाऊन एकेक वेटोळं मोजलं. साडेअठरा. थंड ठेवायचं पाणी तू एका चक्राचं धरलंस, गाडीत तीन चक्रं आहेत: इंजिनाचं, मोटरचं आणि बॅटरीचं. आणि गोंद."

"गोंद?"

"कार्बनचे भाग कशाने चिकटवतो आपण? नऊ किलो गोंद आहे या गाडीत. तो कुणाच्याच नकाशात नाही, कारण तो कुणाच्याच विभागाचा नाही."

दादाच्या चेहऱ्यावरून त्याला पटलं होतं असं म्हणता येणार नाही. चाचणी चालक कोपऱ्यात बसून ऐकत होता. पन्नाशी उलटलेला, मोजकं बोलणारा माणूस. तीस वर्षांत कंपनीची एकही गाडी त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडली नव्हती. त्याने एवढंच विचारलं, "मग फेरी किती वेळात?"

जुन्या गाडीचं वजन चौदाशे तीस, आणि तिची सगळ्यात वेगवान फेरी एक मिनिट अठ्ठावन्न सेकंदांची.

"साडेपंचावन्न," दादा म्हणाला. "एक मिनिट साडेपंचावन्न."

"शक्य नाही," ती म्हणाली. "सरळ रस्त्यावर तुझ्या मोटरी ढकलतील, ते मान्य. शून्यापासून शंभरपर्यंत अडीच सेकंदांत जाईल, तेही मान्य. पण वळण आलं की जुन्या गाडीपेक्षा एकशे ऐंशी किलो जास्त आवरायचे आहेत. ब्रेक तिसऱ्या फेरीत तापतील, टायर पाचव्या फेरीत हात टेकतील. एक मिनिट सत्तावन्नच्या खाली आली तर मी इथे सगळ्यांसमोर कबूल करीन."

"अगं, ब्रेकचं अर्धं काम मोटरीच करतात. वेग कमी करताना त्याच वीज बनवून परत बॅटरीत भरतात. आणि वळणात पुढचं बाहेरचं चाक ओढतं, आतलं रोखतं, गाडी आपोआप वळते." दादा पुढे झुकला. "वजन किती ते तू सांग. पण वजन कुठे आहे ते मी सांगतो. जुन्या गाडीत ते उंचावर होतं. या गाडीत सगळं घोट्याच्या खाली आहे."

"खाली असलं तरी वजन ते वजनच."

"वर असलेल्यापेक्षा बरं."

बैठकीत या दोघांचं हे असं सुरू झालं की बाकीचे पेन खाली ठेवायचे. शेवटी मुख्य अभियंते म्हणाले, "गुरुवारी पहिली पूर्ण गाडी काट्यावर चढवू. पुढच्या सोमवारी ट्रॅकवर. तोवर छापखान्याला थांबू दे."

रविवारी दोघं नेहमीप्रमाणे आईकडे जेवायला गेले. आईने आयुष्यभर शिवणकाम केलेलं, आणि तिचा एकच नियम होता: ताटावर गाडी नको. पण त्या दिवशी दादाने वाटीतलं मीठ घेऊन बॅटरी कुठे बसते ते दाखवायला सुरुवात केली, तशी आई म्हणाली, "तुम्ही दोघं लहानपणी कोणाला मोठा तुकडा मिळाला यावरून भांडायचात. तेव्हा निदान कुणीतरी खायचं तरी."

"आई, मी बरोबर आहे," दादा म्हणाला.

"मीही बरोबर आहे," ती म्हणाली.

"मग भांडण कशाला? वाढून घ्या," असं म्हणून आईने विषय मिटवला.

गुरुवारी सकाळी गाडी जोडणीच्या दालनातून ढकलत आणली. चार चाकांखाली चार सपाट काटे, चारही काट्यांची बेरीज भिंतीवरच्या पडद्यावर. टाकी काठोकाठ भरलेली, तेल, पाणी, सगळं जागच्या जागी. कामगार हातातलं काम सोडून जमले होते. गाडी काट्यांवर चढली, आकडे वरखाली झाले आणि थांबले.

सोळाशे नऊ.

दालनात टाळ्या पडल्या. चार हजार दोनशे भागांत फक्त तीन किलोंची चूक! दादाने पडद्याकडे दोनदा पाहिलं, मग सरळ तिच्याकडे आला आणि सगळ्यांसमोर हात पुढे केला. "मानलं."

ती मात्र खट्टू होती. "तीन किलो कुठे गेले?"

"अगं, जिंकलीस ना! आता तीन किलोंसाठी तोंड काय पाडतेस?"

पण तिला चैन पडेना. दोन दिवस ती हातात यादी घेऊन गाडीभोवती फिरत राहिली. सीटांखाली पाहिलं, चाकांचे नट मोजले. शेवटी रंगकाम करणाऱ्या माणसाने सहज विचारलं, "काय शोधताय?" तिने सांगितलं. तो म्हणाला, "मग गाडीत काय शोधता? ही चाचणीची गाडी आहे. रंगाचे शेवटचे दोन थर अजून माझ्याकडे डब्यातच आहेत." तिने तिथल्या तिथे डब्यावरची माहिती वाचली, सुकल्यावर किती उरतो त्याचा हिशेब केला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

सोमवारी ट्रॅक कोरडा होता, हवा थंड. दादा संगणक मांडून बसला होता आणि सारखा पाणी पीत होता. चालकाने दोन फेऱ्या टायर गरम करायला घेतल्या आणि तिसरीला सुटला. इंजिनाचा आवाज तिच्या ओळखीचा होता, पण वळणातून बाहेर पडताना त्याच्यात एक बारीक शीळ मिसळत होती, ती मोटरींची. गाडी समोरून गेली. घड्याळ थांबलं.

एक मिनिट पंचावन्न पूर्णांक नऊ.

"एक फेरी कोणीही मारेल," ती म्हणाली, पण तिचा स्वर थोडा उतरला होता. "दहावी बघू."

दहावी फेरी एक मिनिट छप्पन पूर्णांक तीन. ब्रेक तापले होते, पण जुन्या गाडीपेक्षा कमी. दादा खुर्चीत मागे रेलला.

चालक गाडी घेऊन आत आला, काच खाली केली आणि तिच्याकडे पाहून म्हणाला, "बसा."

"मी?"

"बारा वर्षं तुम्ही गाड्यांचे तुकडे मोजताय. एकदा सगळे तुकडे एकत्र काय करतात ते बघा."

"माझं वजन धरून फेरी मंदावेल."

"किती मंदावेल तेही कळेल की."

तिने हेल्मेट घातलं, पट्टे आवळून घेतले. ट्रॅकच्या पहिल्या वळणापाशी तिने श्वास रोखून धरला, कारण तिला आकडे पाठ होते: एवढ्या वेगात, एवढं वजन, पुढच्या टायरवर एवढा भार. तिच्या हिशेबाने गाडीचं नाक बाहेर सरकायला हवं होतं. ते सरकलं नाही. गाडी जणू कुणीतरी दोरी धरून आतल्या बाजूला ओढावी तशी वळली, आणि वळून सरळ होते न होते तोच मागून असा काही धक्का आला की तिच्या तोंडून एक आवाज निघाला. चालक नंतर सगळ्यांना सांगायचा की ती हसली होती. ती म्हणायची, ओरडले होते.

तिसऱ्या वळणापर्यंत ती आकडे विसरली होती.

ती खाली उतरली. तिच्यासकट फेरी झाली होती एक मिनिट छप्पन पूर्णांक आठची. म्हणजे मोजून एक माणूस जास्त घेऊनही तिच्या अंदाजापेक्षा वेगवान. ती दादापाशी गेली. सगळ्यांसमोर कबूल करायचं असं ती बोलली होती, आणि शब्द फिरवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मी किती ते पाहिलं," ती मोठ्याने म्हणाली. "कुठे ते पाहिलं नाही. दादा बरोबर होता."

"चार दशांश सेकंदांनी चुकलो की," दादा म्हणाला. मग हळूच, "केबल्स हलक्या करता आल्या असत्या तर तेही मिळाले असते."

बुधवारी शेवटची बैठक. या वेळी जाहिरात विभागाच्या बाई तयारीने आल्या होत्या. "फेरीचा आकडा झकास आहे," त्या म्हणाल्या. "वजनाचं मी बघितलंय. गाडीतून पेट्रोल, तेल, पाणी काढलं, हलकी चाकं आणि हलक्या सीटा लावल्या, रेडिओ काढला, की चौदाशे अठ्ठ्याण्णव होतात. कोरडं वजन. सगळेच तसं छापतात. आणि साहेबांचं 'पंधराशेच्या आत'ही खरं ठरतं."

मुख्य अभियंते खिडकीबाहेर बघत होते. मोह त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"पाण्याशिवाय ही गाडी दाराबाहेर जाणार नाही," ती म्हणाली. "जी गाडी चालतच नाही तिचं वजन आपण का छापायचं?"

"कारण लोक आकडा वाचतात, तळटीप नाही," बाई म्हणाल्या. "सोळाशे बारा वाचलं की पान उलटतील."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. सुरुवातीपासून लहान आकडा त्यालाच हवा होता. त्याने पेन खाली ठेवलं.

"मला सांगा," तो म्हणाला, "चौदाशे अठ्ठ्याण्णव किलोंची गाडी एक मिनिट छप्पनमध्ये फेरी मारते, यात विशेष काय? कोणीही म्हणेल, हलकी आहे, मारणारच. सोळाशे बारा किलोंची गाडी छप्पनच्या आत येते, ही बातमी आहे. तुम्ही वजन लपवलंत तर माझ्या माणसांचं चार वर्षांचं काम लपतं. मला तिचाच आकडा हवा. मोठ्या अक्षरात."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत दादाने भर बैठकीत तिची बाजू घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि तीही पूर्णपणे स्वतःच्या फायद्यासाठी घेतली होती, म्हणून तिला ती जास्तच खरी वाटली.

मुख्य अभियंत्यांनी चष्मा चढवला. "छापा. वर सोळाशे बारा, खाली फेरीचा वेळ. मुलाखतीत मी चुकलो होतो, ते मीच सांगीन."

त्यांनी ते खरोखर सांगितलं, गाडी दाखवली त्या दिवशी, मंचावरून, पहिल्याच मिनिटात. सभागृहात कुजबुज झाली. दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांनी 'जाड गाडी' म्हणून लिहिलं. दादाने ती कात्रणं वाचून दाखवली आणि दोघं मनसोक्त हसले. महिन्याभराने लिहिणाऱ्यांना गाडी चालवायला मिळाली. मग जाडीचा विषय मागे पडला. एका मासिकाने तर स्वतःचे काटे आणून गाडी चढवली, आणि सोळाशे अकरा आल्यावर लिहिलं की, सांगितल्यापेक्षा कमी वजनाची गाडी आम्ही गेल्या दहा वर्षांत पहिल्यांदाच मोजली. मुख्य अभियंत्यांनी ते पान कापून भोजनालयाच्या दाराला चिकटवलं.

पुढच्या गाडीची पहिली बैठक वसंतात झाली. तेव्हा कागदावर एक रेघसुद्धा नव्हती. आतापर्यंत वजन विभागाला सहा महिन्यांनी बोलावत. या वेळी बोलावण्याच्या यादीत तिचं नाव सगळ्यात वर होतं, आणि ते दादाने घालायला लावलं होतं. ती कोरी यादी उघडून बसली.

"बॅटरी?" तिने विचारलं.

"नव्वद किलो," दादा म्हणाला.

तिने लिहायला कळफलकावर बोटं ठेवली. दादाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती काहीच बोलली नव्हती.

"थांब," तो म्हणाला. "पट्ट्या, नट, गोंद धरून... सत्त्याण्णव लिही."

तिने सत्त्याण्णव लिहिलं आणि विचारलं, "आणि ती बसणार कुठे?"