खो मिळाल्याशिवाय

"खांबापावेतो नको नेऊ वं, आधीच दे खो!" सिंधूताई रेषेबाहेर अशा नाचत होत्या, की खोचलेला पदर केव्हा सुटला ते त्यांना कळलंही नाही.

सत्त्याहत्तर सालचा डिसेंबर, जरीपटक्याचं मैदान, शाळाशाळांच्या खो-खोचा अंतिम सामना. विणकरांच्या वस्तीतल्या शाळेत सिंधूताईंची उभी हयात खेळ शिकवण्यात गेली होती आणि त्यांच्या पोरी दर वर्षी पहिल्याच फेरीत घरी परतत. यंदा मात्र पोरींच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे! आता एकच पळती बाद व्हायची राहिली होती. ती बाद झाली की ढाल आपली!

बाईंचा एक नियम साऱ्या शाळेला पाठ होता: खो मिळाल्याशिवाय चौकोनातून उठायचं नाही. सरावात एकदा गाय मैदानात घुसली, तरी एक पोरगी जागची हलली नव्हती. बाईंना त्याचं कोण कौतुक!

जया निघाली. ती धावायला लागली की बघणारे श्वास घ्यायचं विसरत. तिने पळतीला खांबाकडे हुसकावलं, प्रेमिलाच्या पाठीवर थाप मारली, "खो!" म्हणाली आणि तिच्या जागी उकिडवी बसली. प्रेमिला सुसाट सुटली. खांबाला वळसा घालून ती दुसऱ्या बाजूने परतली, तेव्हा पळती नेमकी जयाच्या पुढ्यात, हाताच्या अंतरावर होती. मैदान नुसतं पेटलं.

"खो!" प्रेमिला ओरडली.

जया उठली नाही.

"ऊठ वं! काहून बसून राहिली? तुले खो भेटला ना!" सिंधूताई किंचाळल्या.

प्रेमिलाने पुन्हा थाप मारली. जया कुशीवर कलंडली.

शिट्टी वाजली. भोवळ आली असेल म्हणून कोणी पाणी मारलं, कोणी कांदा फोडून नाकाला लावला. गर्दीतून एक डॉक्टर धावत आले आणि दोन्ही हातांनी तिची छाती दाबू लागले. घामाघूम होईपर्यंत दाबत राहिले. मग थांबले.

"हृदयच बंद पडलं," ते म्हणाले.

एवढ्याशा पोरीचं हृदय! सिंधूताईंना ते काही केल्या खरं वाटेना.

जयाच्या बापाने, शालिकरामने, लेकीला उचलून जीपमध्ये घेतलं. सिंधूताई चढू लागल्या, तसा तो म्हणाला, "मी आहो न तिच्यासंगं. तुम्ही थ्या पोरींले पाहा बाई. अजून बसूनच आहेत."

त्यांनी वळून पाहिलं. पोरी आपापल्या चौकोनांत उकिडव्या होत्या, हात जमिनीला टेकलेले. रडत होत्या, पण एकही उठली नव्हती.

सिंधूताई मैदानात शिरल्या. पहिलीच्या मागे वाकून त्यांनी पाठीवर हात ठेवला. "खो," त्या कशाबशा म्हणाल्या. ती उठली आणि रेषेबाहेर जाऊन उभी राहिली. मग दुसरी. मग पुढची.

शेवटी जयाचा चौकोन तेवढा उरला. तिथली माती ओली होती. सिंधूताई त्यात बसल्या, पोरी बसतात तशाच, उकिडव्या.

मग प्रेमिला मागून आली. भीत भीत तिने बाईंच्या पाठीवर हात ठेवला.

"खो, बाई."

सिंधूताईंना उठायला वेळ लागला.